कुकरच्या तीन शिट्ट्यांत मावेल एवढी प्रार्थना

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून "आता पुरे" म्हणाला, तेव्हा देवाने त्याला काय काय दिले ते पवित्र शास्त्रात, १ राजे १९ मध्ये, क्रमाने लिहून ठेवले आहे. आधी झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. मग पुन्हा झोप. मग पुन्हा भाकर, आणि सोबत देवदूताचे एवढेच सांगणे की पुढचा पल्ला लांबचा आहे, म्हणून खा. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी शांत, मंद वाणीत बोलला तो प्रसंग यानंतर चाळीस दिवसांनी येतो.

लहान मुलांच्या घरात हा क्रम नेमका उलटा होतो. रात्री चार वेळा उठलेली आई पहाटे पाचचा गजर लावते, कारण प्रार्थना कमी पडते म्हणून शक्ती कमी पडते असे तिला कुणीतरी सांगितलेले असते. आठवडाभर ती कशीबशी उठते, नवव्या दिवशी गजर बंद करून झोपते आणि मग दिवसभर मनात एकच: मी प्रभूपासून दूर गेले. ती दूर गेलेली नसते. तिची झोप झालेली नसते. पुढे सांगितलेले सगळे याच समजुतीवर उभे आहे, आणि ते शून्य ते सहा वर्षांची मुले असलेल्या आईबापांसाठी आहे.

आधी झोप

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. म्हणजे रात्री दोन-तीन तासांनी उठणे आलेच, त्याला उपाय नाही. उपाय आहे तो वाटणीत. रात्र दोन पाळ्यांत तोडा: ९ ते २ आणि २ ते ६. प्रत्येकाला निदान चार तास सलग मिळाले पाहिजेत, कारण तुकड्यातुकड्यांत मिळालेल्या झोपेपेक्षा सलग झोपेने माणूस जास्त सावरतो. आई अंगावर पाजत असेल तर वडिलांनी पाजणे सोडून बाकी सगळे करावे: बाळ उचलून आणून देणे, ढेकर काढणे, लंगोट-दुपटे बदलणे, परत झोपवणे. यात आईचा प्रत्येक वेळचा अर्धा तास वाचतो. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवणे जमत असेल तर रात्रीचे एक पाजणे वडिलांकडे पूर्णच जाऊ शकते.

दुपारी बाळ झोपले की भांडी घासायला धावू नका. झोपा किंवा अंघोळ करा, दोन्हींतले एक. भांडी मोरीत राहू द्या.

हा आळस नाही, हे पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्र १२७ अवघ्या पाच ओव्यांचे. दुसरी ओवी सांगते की पहाटे उठणे, उशिरापर्यंत बसणे, कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे, कारण देव आपल्या प्रियजनांना लागेल ते झोपेतही देतो. आणि लगेच तिसऱ्या ओवीत मुले येतात, परमेश्वराने दिलेले धन म्हणून. झोप आणि मुले एकाच स्तोत्रात शेजारी शेजारी ठेवली आहेत. मार्क ४ मध्ये वादळात सापडलेल्या तारवाच्या मागच्या बाजूला प्रभू उशी घेऊन झोपलेला आहे. मार्क १:३५ मध्ये तो पहाटे उठून प्रार्थनेला गेला, हे उपदेशांतून वारंवार ऐकायला मिळते. उशीची गोष्टही त्याच शुभवर्तमानातली आहे.

एक काळजी मात्र घ्या. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी धरून, डोळे मिटून प्रार्थनेला बसू नका. थकलेल्या माणसाला दोन मिनिटांत डुलकी लागते आणि बाळ फटीत सरकून गुदमरू शकते. बाळ हातात असेल तर डोळे उघडे ठेवून प्रार्थना करा. डोळे मिटायचे असतील तर आधी बाळाला त्याच्या जागी, पाठीवर निजवा.

एक स्तोत्र, एक आठवडा

वर्षभरात पूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढायच्या योजना या वर्षांसाठी नाहीत. पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय आले. तान्ह्या बाळाच्या घरात ही योजना बहुधा निर्गमाच्या शेवटाला किंवा लेवीयाच्या सुरुवातीला थांबते, आणि राहिलेले अध्याय साठत साठत डोक्यावर कर्जासारखे बसतात.

त्याऐवजी आठवड्याला एक लहान स्तोत्र घ्या. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेच्या वाटेवर चढताना म्हणायची. वारीच्या वाटेवर अभंग म्हणत जावे तशी, चालता चालता, पोरेबाळे बरोबर घेऊन. १३२ सोडले तर सगळी नऊ किंवा त्याहून कमी ओव्यांची आहेत. १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीनच ओव्यांची. पंधरा स्तोत्रे म्हणजे पंधरा आठवडे. संपली की पुन्हा १२० पासून.

पद्धत अशी. रविवारी रात्री पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर त्या आठवड्याच्या स्तोत्रातल्या दोन किंवा तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहा. तशीच दोन कार्डे करा. एक ओट्यासमोरच्या भिंतीवरच्या फरशीवर चिकटवा, पाणी उडते म्हणून वरून पारदर्शक टेप लावा. दुसरे बाळ जिथे पाजता तिथे, झीरोच्या बल्बच्या उजेडात दिसेल असे. अक्षर एवढे मोठे हवे की बाळ मांडीवर असताना, मान न वळवता वाचता यावे.

कार्डच का, फोन का नाही? कारण रात्री दोनला फोनवर पवित्र शास्त्र उघडले की वरून मेसेज येतो, मेसेजातून व्हिडिओ, आणि बाळ झोपल्यावरही आई पाऊण तास जागी. फोनचा उपयोग दिवसा करा: कपड्यांच्या घड्या घालताना ध्वनिमुद्रित शुभवर्तमान लावून ठेवा. मार्क सगळ्यांत लहान, १६ अध्यायांचे. दोन तासांच्या आत ऐकून होते, चार-पाच दिवसांच्या घड्यांत सहज बसते.

कामाला बांधलेली प्रार्थना

हात कामात आणि ओठांवर देवाचे नाव हे मराठी बायकांना कुणी शिकवायला नको. जात्यावर ओव्या म्हणत पिढ्या गेल्या. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांत आणि भजनांत ओतली ती याच वळणाने, काम करता करता म्हणता यावी अशी. प्रार्थनेला वेगळी खोली, वेगळी वेळ, शांतता लागते ही समजूत मुले मोठी झाल्यावर परत धरायला हरकत नाही. तोवर प्रार्थना कामाला बांधा.

बांधायचे कसे? नवा गजर नको. घरात आधीच वाजणारी, आधीच घडणारी एखादी गोष्ट शोधा. सगळ्यांत सोपा कुकर. वरण-भाताचा कुकर रोज लागतो, तीन शिट्ट्या होतात, आणि त्या कितीही गडबडीत ऐकू येतात.

पहिली शिट्टी: फक्त नाव. "हे आमच्या स्वर्गातील पित्या." एवढेच, एका श्वासात, आणि खांदे खाली सोडा.

दुसरी शिट्टी: आजची एकच गरज, अगदी नेमकी. "शक्ती दे" असे मोघम नको. "संध्याकाळी सहा ते आठ माझा आवाज चढू देऊ नकोस" असे म्हणा. दिवस संपला की ते ऐकले गेले का हे कळते, आणि ते कळण्यातूनच विश्वासाला बळ येते.

तिसरी शिट्टी: दुसऱ्या एका घरासाठी. शेजारची आजारी आजी, आपल्या चर्चच्या मंडळीतली नवी बाळंतीण. गॅस बंद.

इथे चूक होते ती उत्साहाची. पहिल्याच दिवशी कुकर, धुणे, अंघोळ, झाडू, शाळेची बस अशी पाच कामे प्रार्थनेला बांधली जातात आणि चौथ्या दिवशी पाचही सुटतात. दोन आठवडे फक्त कुकर. तो अंगवळणी पडला की दुसरे एक.

दुसरे काम म्हणून दोरीवर कपडे वाळत घालणे चांगले. एक कपडा, एक चिमटा, एक नाव. लहानग्याचे झबले पिळून झटकताना त्याच्या छातीतला कफ, मोठीच्या गणवेशाला चिमटा लावताना शाळेतली तिची भीती, नवऱ्याच्या शर्टाला त्याची लोकलमधली उभ्याने जाणारी दोन तासांची वाट. कपडे त्या माणसाच्या मापाचे असतात, म्हणून प्रार्थनाही आपोआप त्याच्या मापाची होते. बादली रिकामी झाली की घर पूर्ण झाले.

बाळ थांबतच नाही असे रडत असेल तेव्हा लांब वाक्ये सुचत नाहीत. तिथे जुनी श्वासाची प्रार्थना घ्या. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत ती शतकानुशतके म्हटली जाते, आणि तिचे मूळ लूक १८ मधल्या जकातदाराच्या आणि मार्क १० मधल्या आंधळ्या बार्तीमयाच्या हाकेत आहे. चार मोजेपर्यंत श्वास आत: "प्रभू येशू ख्रिस्ता." सहा मोजेपर्यंत बाहेर: "माझ्यावर दया कर." असे दहा वेळा, दीड-पावणेदोन मिनिटे. श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि बाळाला धरलेले हात सैल होतात. बाळ लगेच थांबेलच असे नाही. तुमचे हात सैल होणे हेच त्या दोन मिनिटांचे काम.

कॅथलिक घरांत जपमाळ आहेच. पूर्ण पाच दशके एका बैठकीत होत नाहीत म्हणून ती कपाटात ठेवून देऊ नका. एका दशकाला, म्हणजे प्रभूची प्रार्थना, दहा वेळा मरियेला नमन आणि शेवटचा गौरव, तीन-चार मिनिटे लागतात. दिवसाच्या पाच जागी पाच दशके वाटा. रांगणारे मूल घरात असेल तर मणी त्याच्या हाती लागू देऊ नका. दोरा तुटला तर मणी घशात जातो. दहा बोटे आहेत, ती मोजा.

आता अंगाई. रोज एकच गीत, तेच, महिनोन्‌महिने. गीत निवडताना तीन गोष्टी बघा: चाल संथ असावी, सूर वर चढत नसावा, ओळी परत परत येत असाव्यात. टाळ्यांची, ढोलकीची गीते झोपेआधी नकोत, मूल उठून नाचते. पहिले कडवे नेहमीच्या आवाजात, दुसरे हळू, तिसरे फक्त गुणगुणत. पंधरवड्यात मुलाला त्या चालीचा आणि झोपेचा संबंध लागतो. आणि आईबापांचे एक गीत पूर्ण पाठ होते. पुढे रुग्णालयातल्या बाकावर, वीज गेलेल्या रात्री तेच तोंडी येते.

आजच्यापुरती भाकर

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या ओळीत उद्या नाही. निर्गम १६ मधला मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, तोही तसाच होता. माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप), त्या दिवसापुरता. कुणी सकाळपर्यंत उरवून ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळे, आणि तो टिके.

थकलेल्या आईबापांचे निम्मे ओझे पुढच्या काळाचे असते: याचे रात्रीचे उठणे कधी थांबणार, शाळा कोणती, दोघांची फी कशी भरायची. या सगळ्याला उत्तर मागितले की प्रार्थना करूनही छातीवरचे वजन तसेच राहते. म्हणून मागताना वेळेची हद्द घाला. "आज रात्रीपर्यंत" म्हणा. फार वाईट दिवस असेल तर "जेवणापर्यंत". पुढची काळजी मनात आलीच तर वहीत एका ओळीत लिहा आणि शनिवारी रात्री दोघांनी मिळून बघा. शब्बाथाच्या आदल्या दिवसासारखे, आठवड्यातून एकदाच पुढच्या दिवसाचे गोळा करायचे.

देवापुढे कुरकुर

"मुले ही देवाची देणगी, मग तक्रार कसली" हे वाक्य मंडळीत सहज बोलले जाते आणि आयांचे तोंड बंद करते. गणना ११ उघडून बघा. मोशे देवाला सरळ विचारतो: या लोकांना मीच गर्भात वाढवले का? दाई तान्ह्या बाळाला उराशी धरून नेते तसे मीच यांना न्यायचे का? मला एकट्याला हे झेपत नाही, असेच चालवायचे असेल तर मला मारून टाक. आईबापांच्याच भाषेतली ही प्रार्थना, आणि देव तिच्यावर रागावत नाही. तो सत्तर माणसे देतो.

तक्रार कशी करावी याचा साचा स्तोत्र १३ मध्ये आहे, सहा ओव्यांत. वहीत चार ओळी लिहा. पहिली, देवाला हाक. दुसरी, "किती वेळ" ने सुरू होणारा प्रश्न. स्तोत्रकर्ता तो चार वेळा विचारतो, तुम्ही एकदा तरी विचारा. तिसरी, मागणे. चौथी, भरवशाचा एक शब्द. चौथी ओळ आली नाही तर खोटी लिहू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. त्या दिवशी तीन ओळींवर वही मिटा.

सत्तर माणसे

देवाचे उत्तर माणसांच्या रूपात आले, म्हणून मंडळीकडे मदत मागणे हा विश्वासाचाच भाग आहे. निर्गम १७ मध्ये मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याच्या खाली धोंडा सरकवला, त्याला बसवले, मग दोन्ही बाजूंनी हात धरले. "काही लागलं तर सांगा" असे म्हणून ते छावणीत परतले नाहीत. हेच वाक्य आपल्याकडे सगळ्यांत जास्त वेळा बोलले जाते, आणि थकलेल्या माणसाला काय लागते हे सांगायचेही त्राण नसते.

म्हणून मागणाऱ्याने मागणे नेमके करावे. दिवस, वेळ, काम, तिन्ही सांगा. उदाहरणार्थ मंडळीतल्या एखाद्या ताईंना असा मेसेज: "ताई, मंगळवारी ११ ते १ घरी येऊन बाळाला धराल का? मला झोपायचं आहे. स्वयंपाक झालेला असेल." यात संकोचाला जागा उरत नाही. येणाऱ्याला काय करायचे आणि कधी निघायचे ते ठाऊक असते.

देणाऱ्यांसाठी, म्हणजे महिला मंडळासाठी, बाळंतीण घरी आली की करायची व्यवस्था:

पंधरा दिवस, दिवसाआड डबा, म्हणजे आठ डबे. आठ घरांनी एकेक वाटून घ्यावा. डब्यात सहा-सात पोळ्या किंवा चार भाकरी, एक भाजी, दाट वरण, तिखट बेताचे. मोठे मूल असेल तर त्याच्यासाठी वेगळी बिनतिखटाची वाटी, कारण बाळ आल्यावर सगळ्यांत उपाशी तेच राहते, जेवणानेही आणि लक्षानेही. डब्यावर नावाची पट्टी लावा, तो रविवारी उपासनेनंतर परत घेऊ असे आधीच सांगा. धुऊन, भरून परत करायची अपेक्षा ठेवू नका. बेल वाजवू नका, दाराशी ठेवून मेसेज करा.

भेटीला गेलात तर वीस मिनिटे. हात साबणाने धुवा, बाळाचा पापा घेऊ नका, सर्दी असेल तर जाऊच नका. प्रार्थना दोन मिनिटांची, आणि उठण्यापूर्वी मोरीतली भांडी घासून ठेवा. "आमच्या वेळी तर" ने सुरू होणारे काहीही बोलू नका.

पाळकांकडे एकच मागणे. वर्षभर या आईबापांकडून संडेस्कूलची, गायनवृंदाची, कमिटीची जबाबदारी काढून घ्या. पण त्यांची नावे यादीतून काढू नका. नाव गेले की माणसे येणे थांबतात.

माहेर-सासर दोन्ही लांब, दोघेही नोकरीवर, नवे शहर किंवा आखाती देश, अशा घरांनी मुले जवळपास त्याच वयाची असलेले दुसरे एक ख्रिस्ती कुटुंब धरावे. पंधरवड्यातून एका शनिवारी तीन तास तुमची मुले त्यांच्याकडे, पुढच्या पंधरवड्यात त्यांची तुमच्याकडे. हिशेब बरोबरीचा असला की मागताना जीभ अडखळत नाही.

रविवारची उपासना

दाराजवळच्या, कडेच्या बाकावर बसा. शेवटच्या बाकावर नको. तिथून मुलांना पुढचे काहीच दिसत नाही आणि ती चुळबुळतात. पिशवीत: कपड्यांचा एक जोड, पाणी, दोन कापडी किंवा पुठ्ठ्याची पुस्तके, एक जाड खडू आणि वही. खाऊ डब्यात न्या, चुरचुरणाऱ्या प्लास्टिकात नको. चुरमुरे तीन वर्षांवरच्यांसाठी, धाकट्यांसाठी केळे.

उपदेशाच्या वेळी मूल रडले तर एकाने बाहेर जावे, आणि कोण जाणार हे घरून ठरवून निघावे. या रविवारी आई ऐकेल, पुढच्या रविवारी वडील. हे न ठरवल्यामुळे दर रविवारी आईच बाहेर उभी राहते आणि दोन वर्षांत तिने एकही उपदेश पूर्ण ऐकलेला नसतो. प्रभुभोजनाला मात्र बाहेर असलेल्याला आत बोलवा, मूल तोवर दुसऱ्या कुणाच्या कडेवर द्या. बाळंतपणामुळे महिना-दोन महिने येणे होत नसेल तर पाळकांना किंवा फादरांना घरी प्रभुभोजन द्यायला बोलवा. ते येतात, फक्त सांगावे लागते.

मुलांच्या आवाजाने कुणी वळून बघितले तर मार्क १० आठवा. लेकरे आणणाऱ्यांना दटावले ते शिष्यांनी, आणि प्रभू रागावला तो शिष्यांवर.

संध्याकाळची कुटुंब प्रार्थना

जेवणाआधी, पाच मिनिटे. जेवणानंतर धाकटे पेंगते आणि मोठे चिडचिडे होते. एक गीत, एकच कडवे. दोन-तीन ओव्यांचे वाचन. प्रत्येक मुलाचा एक "थँक्यू", मग तो चेंडूसाठी असो की पालीसाठी. शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मोठ्याने.

बिघडते ते तीन ठिकाणी. वडील वाचनावर उपदेश करू लागतात. आजोबांची प्रार्थना दहा मिनिटे चालते: त्यांना रविवारी रात्रीची मोठी प्रार्थना द्या, तो त्यांचा मान. आणि डोळे मिटले नाहीत म्हणून मुलांना चापट बसते. चार वर्षांच्या मुलाने डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली तरी ती प्रार्थनाच असते.

आवाज चढल्यावर

चढणारच. हात उचलावासा वाटला किंवा बाळाला गदागदा हलवावेसे वाटले तर त्या क्षणी बाळाला पाळण्यात किंवा जमिनीवरच्या अंथरुणावर सुरक्षित ठेवा, दार लोटून पाच-दहा मिनिटे बाहेर या, तोंडावर पाणी मारा. बाळ तेवढा वेळ रडले तर त्याला काही होत नाही. हलवल्याने मेंदूला इजा होऊन जीव जाऊ शकतो.

मोठ्या मुलावर ओरडलात तर त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, त्याच्या उंचीवर खाली बसून सांगा: "दूध सांडलं तेव्हा मी फार जोरात ओरडले. ते चुकलं. मला माफ कर." इथेच थांबा. "पण तू सुद्धा" हे शब्द आले की माफी संपते आणि पुन्हा दटावणे सुरू होते. मग त्याच्यासमोरच एका वाक्यात देवाकडेही क्षमा मागा. इफिसकरांस ६:४ सांगते की मुलांना चिरडीस आणू नका. आपण ते मोडले तर कबूल कसे करायचे, हे मुलाने बघितले की पापकबुली म्हणजे काय हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणे, जीव घाबरणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहिले, किंवा बाळ झोपलेले असूनही झोप येत नाही, जेवण जात नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, मी नसते तर बरे असे मनात येते, तर ते आजाराचे लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. वडिलांनाही हे होऊ शकते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि आईला एकटे ठेवू नका.

सततच्या थकव्यासाठी रक्तातले हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायचे का, हे डॉक्टरांना विचारा. अंगावर पाजणाऱ्या आईने उपासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) कडक उपवास करू नये. फादरांशी किंवा पाळकांशी बोला, उपवासाऐवजी दुसरा त्याग ते सुचवतील.

"विश्वास ठेव, गोळ्या कशाला" असे कुणी म्हणाले तर कलस्सैकरांस ४:१४ दाखवा. पौल तिथे लूकला प्रिय वैद्य म्हणतो, आणि तो वैद्य त्याच्या सोबत आहे.

दिवस मिटताना

फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. झीरोचा बल्ब लावा. अंथरुणावर पडल्यावर दोघांनी एकेक गोष्ट सांगा, आज कशासाठी आभार. मग एकेक गोष्ट सोडून द्या, "हे आज झाले नाही, ते तुझ्याकडे." स्तोत्र १२१ म्हणते की इस्राएलाला राखणारा डुलकीही घेत नाही. घरात कुणीतरी जागे असले पाहिजे ही तुमची काळजी त्याने घेतलेली आहे. त्यानंतर स्तोत्र ४ ची शेवटची ओवी, पाठ असेल तेवढी. "आमेन" म्हणण्याआधीच झोप लागली तर उठून ती पुरी करू नका.